नाव जुळत नाही

पोस्ट लांब आहे. १५ ऑगस्टला माजी सैनिकांना शाल देतानाचे फोटो टाकणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. त्यात मीही आलो.

आमच्या वाडीतले फौजी आबा गेल्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेले. वय ८१. पहिल्या मराठा पलटणीचे, म्हणजे जंगी पलटणीचे हवालदार. १९७१ ची लढाई लढलेले. अंत्ययात्रा मोठी झाली. ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजवली होती, पंचक्रोशीतले माजी सैनिक टोपी घालून आले होते, पोरांनी ‘अमर रहे’च्या घोषणा दिल्या. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर आबांचा फोटो एवढासा आणि खाली श्रद्धांजली वाहणारे भावी सदस्य हे एवढाले.

त्याला आता आठ महिने झाले. या आठ महिन्यांत आबांच्या बायकोला, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो, कुटुंब पेन्शनचा एक रुपया मिळालेला नाही. कारण काय, तर नाव जुळत नाही.

घरच्यांना विचारून लिहितोय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि कुठल्या कार्यालयात काय झालं तेही नावानिशी लिहिणार नाही. एका टेबलावरच्या माणसाला शिव्या घालून हा प्रश्न सुटणारा नाही.

आमची वाडी खटाव तालुक्यात. माण-खटावचा हा पट्टा पावसाच्या बाबतीत कायम उपाशी. शेतीवर भागत नाही म्हणून इथली पोरं एक तर मुंबईला गोदीत-गिरणीत गेली, नाही तर फौजेत. सातारा जिल्ह्यात फौज ही नोकरी नाही, वहिवाट आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक तिथं आहे. आबा भरती झाले १९६३ साली. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायला घेतली होती, त्या लाटेत. मास्तरांनी दाखल्यावर जन्मतारीख घातली १ जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, तसाच आबांचा.

बेळगावला ट्रेनिंग झालं आणि तीनेक वर्षांनी लग्न. लग्नाला सुट्टी मिळाली मोजून दहा दिवस. जाण्या-येण्यात तीन गेले. नव्या नवरीचं सासरचं नाव तांदळात लिहिलं, आबांनी बोट फिरवलं आणि पोरगा परत पलटणीत. तिथं लग्नाची नोंद करायची म्हणून क्लार्कनं विचारलं, बायकोचं नाव काय? आबा ही गोष्ट फार हसून सांगायचे. “आरं, नाव घ्यायची लाज. आन् तांदळातलं नाव ध्यानात कुठं ऱ्हायलंय! मग सोयरिकीच्या टायमाला ऐकल्यालं माहेरचंच सांगून टाकलं.” क्लार्क बाहेरच्या राज्यातला. त्यानं ते आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं.

आम्ही ही गोष्ट ऐकून किती वेळा हसलो असू. तिच्यात पुढे काय वाढून ठेवलंय, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना आमच्या.

आबांची लढाई म्हणजे जमालपूर. आज बांगलादेशात असलेलं हे ठाणं डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या ब्रिगेडनं वेढलं होतं. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर त्यानं उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी घालून पाठवली. हा किस्सा पुस्तकांतून छापून आलाय, तुम्ही वाचला असेल. मराठा पलटण त्या ठाण्याच्या मागे, ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरून बसली होती. १० तारखेच्या रात्री आतलं सैन्य त्याच वाटेनं फोडून निघायला बघत होतं आणि सरळ मराठ्यांच्या अंगावर आलं. ११ ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुसरी पॅरा पलटण, जी मुळातली तिसरी मराठा, तंगाईलला विमानातून उतरली. दुसऱ्या दिवशी या दोन पलटणींची गाठ पडली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

हे सगळं मी वाचून सांगतोय. आबांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, “थंडी लई होती. आन् समोरची बी पोरंच होती.” पुढं नाही. शाळेत दर २६ जानेवारीला त्यांना बोलवायचो. पोरांना हवी असायची धाडधाड गोळ्यांची गोष्ट आणि आबा सांगायचे की, बुटात पाणी गेलं तर मोजे कसे वाळवायचे. पोरं कंटाळायची. मास्तर आटपतं घ्यायला लावायचे. मग शाल, नारळ, फोटो.

त्यांना सांगायला आवडायचं ते ढाक्याहून परत आल्यावरचं. लढाई संपली आणि पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. आबा सुट्टीवर घरी आले तर घरात फक्त म्हातारा बाप. बायको कुठं? तर नालाबांधाच्या कामावर, खडी फोडायला. कडेला तान्ही पोर झोळीत. खायला मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि पोरांना सुकडी. ज्या माणसानं सहा-आठ महिन्यांपूर्वी एक देश मोकळा होताना बघितला, त्याची बायको ऊन डोक्यावर घेऊन दगड फोडत होती. आबांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी फौजी बूट घालून कामावर गेले आणि तिच्या हातातला हातोडा घेतला. दोन महिन्यांच्या सुट्टीतला दीड महिना माणसानं खडी फोडली. मस्टरवर नाव जिजींचं, हात आबांचे. जिजी सावलीला पोरगी घेऊन बसायच्या आणि मुकादम काही बोलायचा नाही. फौजीला कोण बोलणार!

आणि बघा, त्या मस्टरवर जिजींचं नाव सासरचं होतं. पलटणीच्या दप्तरात माहेरचं.

१९८१ ला आबा पेन्शनवर आले. जवानाला १५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन बसते, त्यांची १८ झाली होती. वय अडतीस. पुढारी होण्याची, चौकात बसून रुबाब करण्याची सगळी सोय होती. हा माणूस कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन झाला आणि दिवसा साडेतीन एकर कोरडवाहू. दोन मुली आणि एक मुलगा. मुलींना बारावीपर्यंत शिकवलं, त्या काळात, आमच्या वाडीत. दारू म्हणाल तर कॅन्टीनची रम यायची. ती दर महिन्याला कुणाकुणाला देऊन त्या बदल्यात नांगरट करून घ्यायचे. यावर आक्षेप घेणाऱ्यांनी आधी आमच्याकडे नांगरटीचा भाव विचारावा.

२०१३ साली जिजींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कुशीवर वळवत राहा, एकाच अंगावर पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील. मुलगा पुण्यात कंपनीत, सून तिकडेच, मुली आपापल्या घरी. मुलानं सांगितलं, बाई ठेवू, नाही तर पुण्याला चला. आबा म्हणाले, “ड्युटी माजी हाय.”

मी त्यांची वही बघितलीय. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. त्यात फौजी पद्धतीनं वेळा: २२००, २४००, ०२००, ०४००. पुढं ‘डावी’, ‘उजवी’, ‘उताणी’. आणि बारीक सही. रात्री दर दोन तासांनी उठून बायकोला कुशीवर वळवायचं आणि नोंद करायची. पहारा बदलतात तसं, फक्त बदली करायला दुसरा कोणी नाही. अशा वह्यांचा गठ्ठा आहे घरात. सत्तरीत हा माणूस भाकरी थापायला शिकला. पहिले सहा महिने जिजी ती भाकरी बघून हसायच्या आणि डाव्या हातानं खूण करायच्या, जाड आहे. वेणी घालायला शिकला. शेजारच्या पोरींना बोलावून, समोर बसवून, तीन पेड कसे घालायचे ते विचारून घेतलं. चादरीची कड तर अशी की, बराकीत साहेबाची इन्स्पेक्शन आहे.

अकरा वर्षं. जिजींच्या पाठीला एक जखम झाली नाही.

१९७१ चं युद्ध तेरा-चौदा दिवसांचं होतं. त्यासाठी आपण आबांना दरवर्षी शाल दिली. या अकरा वर्षांबद्दल कुणी एक टोपी काढली नाही. उलट पारावर म्हणायचे, “फौजी पार बाईलवेडा झाला.” मी स्वतः ऐकलंय, आणि ऐकून गप्प बसलोय.

आता कागदाचं ऐका, कारण पोस्ट त्यासाठी आहे.

सरकार माजी सैनिकासाठी काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी आकडे पुन्हा बसवतात. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, ८५ ला ३० टक्के, असं वाढत जातं. आबांना ते २० टक्के मिळाले, कारण मास्तरांची १ जून दप्तरात पक्की होती. दवाखान्याचं कार्ड २००३ पासून आहे. घरपट्टीही माफ आहे.

पण हे सगळं सैनिकाच्या नावाला चिकटलेलं आहे. तो गेला की खुंटी हलते. पेन्शन ढोबळमानानं शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, साधी कुटुंब पेन्शन ३० टक्के. म्हणजे शंभर येत होते तिथे साठ. ८० वरची जादा रक्कमही जाते, ती विधवेला तिची स्वतःची ८० पूर्ण झाली की पुन्हा सुरू होते. आता जिजींचं वय काय? आधारवर १ जानेवारी १९४७. ज्यांना तारीख माहीत नसते, त्यांना आधारवाले १ जानेवारी देतात. आबांच्या जुन्या पेन्शन आदेशात तर बायकोची जन्मतारीखच नाही. जुन्या बऱ्याच आदेशांत ती नसते.

आणि नाव. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव. पेन्शनच्या आदेशात तेच, पण टायपिस्टनं एक अक्षर बदललेलं. आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, सगळीकडे सासरचं. कागदावर तीन बायका झाल्या आणि घरात खाटेवर एकच.

आबा गेल्यावर मुलानं मृत्यूचा दाखला दिला, पेन्शन थांबली, हे नियमानं झालं. एक हप्ता जास्तीचा जमा झाला होता तो परत काढून घेतला, तेही नियमानं. आणि पुढचं अडलं. प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. सरपंचांचा, तलाठ्याचा दाखला आणा. आणला. राजपत्रात नाव बदलून आणा. अहो, पण तिनं नाव बदललेलंच नाही, साठ वर्षांपूर्वी तांदळात दुसऱ्यांनी बदललं! मग एका ठिकाणी सांगितलं, बाईंना समक्ष हजर करा. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर गादी टाकून जिजींना नेलं. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक तरुण कारकून स्वतः खाली उतरून व्हॅनपाशी आला, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, जिजींना पाणी दिलं आणि ओशाळून म्हणाला, “साहेब, मला सगळं दिसतंय हो. पण सिस्टीममध्ये नाव जुळत नाही.”

त्या पोरावर माझा राग नाही. खोटी बायको उभी करून पेन्शन लाटणारेही जगात आहेत, तेव्हा तपासणी हवीच. माझा राग याचा आहे की तपासणीचं सगळं ओझं, जिला बोलता येत नाही, उठता येत नाही, त्या बाईवर. डिस्चार्ज बुक फौजेनं लिहिलं. आदेश सरकारी कार्यालयानं टाइप केला. आधार सरकारनंच दिलं. तीन सरकारी कागदांचं आपापसात पटत नाही, आणि ते पटवून देण्याची जबाबदारी खाटेवरच्या म्हातारीची. जिथं बाई अंथरुणाला खिळली आहे तिथं माणूस घरी पाठवा. पंचनाम्याला घरी येता, जनगणनेला येता, मतदानासाठी तर पेटी घेऊन येता.

पण अर्धा राग आपल्यावर आहे. हे नाव आबा जिवंत असताना दुरुस्त होऊ शकलं असतं. सैनिक हयात असेल तर तोच अर्ज करतो, तोच सांगतो की ही माझी बायको, दोन्ही नावं तिचीच. त्याच्या शब्दाला वजन असतं. तो गेल्यावर सांगणारा साक्षीदारच उरत नाही. आबा एवढे शिस्तीचे, पण कागदाच्या बाबतीत भोळे. “सरकारी कागद हाय, त्यो चुकंल व्हय?” म्हणायचे. आणि आम्ही शिकलेले, मोबाईलवाले? दर नोव्हेंबरला त्यांचा हयातीचा दाखला मीच काढायचो. खडी आणि माती करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घ्यायचं नाही. चेहऱ्यावरून दाखला निघायला लागला तेव्हा सुटलो. म्हणजे दरवर्षी तो पेन्शन आदेश माझ्या हातात यायचा. मी कधी दुसरा रकाना वाचला नाही. मला पीपीओ नंबर पाहिजे असायचा, तेवढा बघायचो आणि घडी घालून परत द्यायचो.

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. यंदा शाल नको, असा ठराव मी मांडणार आहे. त्या पैशात एक झेरॉक्सवाला आणि एक प्रतिज्ञापत्र लिहिणारा दिवसभर शाळेत बसवा. वाडीत आणि शेजारच्या दोन वस्त्यांत मिळून एकोणीस माजी सैनिक आहेत. प्रत्येकानं आपली ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, बायकोचं आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन यायचं. बायकोलाही घेऊन यायचं, तिच्याशिवाय नाही. नाव अक्षर न् अक्षर तेच आहे का, तिची जन्मतारीख नोंदलेली आहे का, खातं जोड आहे की एकट्याचं. चुकलेलं असेल तर सैनिकाची सही त्याच दिवशी अर्जावर, आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढे. दुसऱ्या गावच्या कुणाला हे करायचं असेल तर खुशाल करा, मला विचारायचीही गरज नाही. आणि ज्यांना आता अंथरुणातून उठवत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊनही काढून देतो, डाकघरात चौकशी करा. पूर्वी आबांची मनीऑर्डर आणायचा तोच पोस्टमन, फक्त आता हातात मशीन आहे.

जिजींचं सध्या काय, असं विचाराल. मोठी लेक येऊन राहिली आहे. वही तिनं पुढे चालू ठेवलीय, वेळा साध्या घड्याळाच्या लिहिते. औषधांचे पैसे मुलगा पाठवतो, त्याचा हात आखडलाय पण पाठवतो. तेव्हा उपासमार वगैरे काही नाही, वर्गणीची पोस्ट नाही ही, कृपया कमेंटमध्ये नंबर मागू नका.

पुरावा शोधायला आम्ही मागच्या आठवड्यात आबांची काळी ट्रंक उघडली, पांढऱ्या रंगानं नंबर घातलेली. आत पत्रांचा गठ्ठा. वाटलं, सापडलं! अठरा वर्षांची पत्रं, सगळी वडिलांच्या नावानं. प्रत्येकाच्या शेवटी, ‘घरच्या मंडळींस आशीर्वाद.’ मंडळी म्हणजे जिजी. एकाही पत्रात नाव नाही, माहेरचं नाही की सासरचं नाही. त्या काळी तसं लिहायचे नाहीत.

तळाशी एक फोटो मिळाला. बेळगावच्या स्टुडिओतला, आबा वर्दीत, जिजी नऊवारीत, दोघंही घाबरल्यासारखे ताठ. मागे शिक्का आणि आबांच्या अक्षरात त्यांचा नंबर, हुद्दा, आणि पुढे दोन शब्द: ‘व पत्नी’. सोमवारी तो फोटो, तांदूळ टाकायला लग्नात हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब आणि दुष्काळी कामाची आठवण सांगणाऱ्या एका बाईचा अंगठा घेऊन मी आणि मुलगा पुन्हा जातोय. काय होतं ते कमेंटमध्ये कळवतो.